एका दुधावरची माणसं

ऊर्जानगर, १९८६

केसरमाय,

तू आता या जगात नाई, हे माहीत असूनही तुलेच लिहून राह्यली.

तुह्या खुशालची नागपूरच्या कॉलेजातली ती पहिली सुट्टी आठवते? तू मूल गावच्या घरी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "माय, जुने ग्रीक लोक एका गावच्या माणसाइले होमोगालाक्तेस म्हणत. होमो म्हणजे एकच, गाला म्हणजे दूध. एका दुधावर वाढलेले!" तू सूप न थांबवता म्हटलं, "हे शिकाले नागपूरले गेला काय? मलेच विचारलं असतं."

माझी अम्मी टायफाइडनं पडली होती तेव्हा तूच मले खुशालच्या जोडीनं पाजलं. म्हणून तर मोठी झाल्यावर मोहल्ल्यातल्या साऱ्या पोराइपासून मी पडदा केला, पण खुशालपासून कधीच नाई. अब्बा पाहुण्याइले सांगत, "दूधभाई आहे तो तिचा."

आज शेजारच्या क्वार्टरमधल्या कमलाले तापानं दवाखान्यात नेलं. तिची तान्ही पोर बाटलीले तोंड लावेना, रडून रडून निळी पडली. मी तिले पदराखाली घेतलं. दुसऱ्या बाजूले माझा मुन्ना होताच. सासू दारातून म्हणाली, "सोच ले सईदा, ये अब मुन्ने की बहन हो जाएगी."

मी म्हटलं, "हो गई."

पोर आता शांत झोपली आहे. मले मात्र आत्ताच बस धरून मूलले यावं अन् तुह्या ओट्यावर बसून सांगावं वाटते: माय, आपलं गाव वाढलं.

तुह्या दुधाची,
सईदा