टिकली लावलेलं बटण

अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. चार ओळी लिहाव्यात असं कितीदा मनात आलं, पण रडू येईल म्हणून टाळत राहिले. आज रडू येत नाहीये, राग आलाय. स्टुडिओचं शटर भरदुपारी अर्धं ओढलंय आणि तुमच्याच खुर्चीत बसून लिहितेय. समोर असतात तर तोंडावर बोलले असते.

राग आलाय तो तुमच्या त्या पेटीवरून. तुमचं आयुष्य डार्करूममध्ये चाचपडत काम करण्यात गेलेलं, माउस धरला की हात थरथरायचा, म्हणून मीच ती आणून दिली होती ना? कॉम्प्युटरला जोडायचं, नॉबच नॉब असलेलं काळं यंत्र. उजेडाला एक नॉब, कॉन्ट्रास्टला एक, रंगाची पिवळट-निळसर झाक सांभाळायला एक. तुम्ही त्याला पेटी म्हणायला लागलात, आणि आठवड्याभरात स्क्रीनवरच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता बोटांनी फोटो सुधारायला लागलात. मल्लेश्वरममधल्या येईल त्या गिऱ्हाइकाला मी कौतुकानं सांगायचे, आमच्या अण्णांचे हात बघा!

त्या पेटीच्या वरच्या रांगेत एक बटण आहे. न बघता बोटाला सापडावं म्हणून त्यावर तुम्ही आईच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवलीत. ते दाबलं की उजेड, सावल्या, रंग, सगळं एका दमात तुम्ही ठरवलेल्या आकड्यांवर जातं. लग्नासाठी मुलीचा फोटो काढायला कुणी आलं आणि कानडीत "स्वल्प ब्राइट माडी", जरा उजळ करा, असं म्हणालं, की तुमचं बोट टिकलीवर. तुमचं बघून पुढे माझंही. ते आकडे तुम्ही कुणाच्या चेहऱ्यावर ठरवलेत, हे मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी यशवंतपूरहून एक बाई लेकीला घेऊन आल्या. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस. आईनं तेच वाक्य म्हटलं आणि माझं बोट आपसूक गेलं. मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"अक्का, ही कोण?"

पेटीचा नॉब वरून दाबला की त्याचा आकडा शून्यावर येतो, तसे एकेक दाबत गेले आणि पोरीचा चेहरा परत आला. आईचं तोंड वाकडं झालं. मुलगी म्हणाली, सरी, ठीक आहे, हाच द्या. फोटो घेऊन गेलीसुद्धा.

त्या गेल्यावर ते बटण कायमचं पुसावं म्हणून कॉम्प्युटरवर यादी उघडली. प्रत्येक बटणाला तुम्ही नाव दिलेलं. पासपोर्ट. ग्रूप. बारसं. आणि टिकलीच्या बटणाचं नाव काय? सुमी!

माझं नाव. माझ्यासाठी केलंत ते बटण. मग मी माझे सगळे फोटो उघडले. पहिले काही सोडले, तर पत्रिकेबरोबर पाठवलेला प्रत्येक फोटो त्याच आकड्यांवर.

येलहंक्याची ती मंडळी आठवतात का हो? मी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. मुलाच्या आईनं हातातल्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हीच का?" मला वाटलं, उन्हात फिरून मीच काळवंडले. महिनाभर छत्री घेऊन हिंडले मी! तुम्ही तिथेच बसला होतात, चष्मा पुसत. ते लग्न जमलं नाही याचं मला काडीचंही दुःख नाही. पण त्या घरात खोटी ठरले मी, आणि खोटं केलं होतंत तुम्ही.

आणि सगळ्यात कहर पुढेच. भिंतीवरचा तुमचा फोटो, तुम्हीच काढून ठेवलेला, हाराला हाच वापरा म्हणून बजावलेला. त्याची फाइल उघडली. एकही नॉब फिरवलेला नाही! सगळे शून्यावर. जन्मले तेव्हापासून ऐकतेय, पोर रंगानं बापावर गेलीय. मग बापाचा रंग भिंतीवर चालतो, आणि लेकीचा पाकिटात घालून पाठवायला चालत नाही? लाज कशाची वाटली तुम्हाला?

चिडून आईला फोन केला. ती म्हणाली, त्या बटणाआधी तीन ठिकाणांहून माझा फोटो रंगावरून परत आला होता. तिसऱ्यांदा आला त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, पेटीसमोर बसून राहिलात. मला हे माहीत नव्हतं. माया होती, मानलं. पण मला एकदा विचारायचं होतंत ना, अण्णा! मी सांगितलं असतं, चौथ्यांदा येऊ दे परत. तुमच्या त्या उपाशी दिवसानं माझा राग गेलेला नाही. थोडा कमी झालाय, एवढंच.

शेवटी येलहंक्याला पाठवलेला तो फोटो परत उघडला आणि नॉब दाबत गेले. एक, दोन, तीन. तुमच्यासारखी हनुवटी, तुमचाच रंग, खिडकीतून गालावर आलेला उजेड. किती सुंदर फोटो काढला होतात तुम्ही माझा! आणि तो मला दाखवलाच नाहीत.

बटण पुसलं. टिकली निघता निघेना, नखानं खरवडली. आता एक शब्द देते. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय या पेटीवर माझं बोट जाणार नाही, बरोबर आलेली माणसं काहीही म्हणोत. आणि उद्या तो फोटो शोकेसमध्ये लावतेय, अगदी मधोमध, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. भिंतीवरून तुम्हालाही दिसेल. या वेळी चष्मा पुसत बसू नका, नीट बघा.

तुमच्याच रंगाची,
सुमी