एकतीस पेशंट आणि आठवा मसुदा

२३ मार्च, सकाळी ७
कोरोनामुळे आजपासून संस्था घरून चालवणार. कॅन्सर थांबत नाही, मग कॅन्सर संशोधन केंद्राचा संचालक का थांबेल? बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. रोज सहाला उठणे. रोज प्रत्येक विभागाशी बोलणे. बिस्किटं बंद.

२३ मार्च, दुपारी
पहिला धडाडीचा निर्णय. केंद्राचं दार पेशंटसाठी बंद, सगळ्या भेटी व्हिडिओवर. समितीने स्क्रीनवर अंगठा दाखवला. (चांगल्या अर्थाने.) फक्त मुख्य सिस्टरांनी विचारलं, नव्या गोळीच्या चाचणीतले एकतीस पेशंट दर तीन आठवड्यांनी गोळ्या न्यायला येतात, त्या बाहेर कुठे मिळत नाहीत, मग त्यांचं काय? उत्तम प्रश्न, म्हणालो. आणि पुढचा विषय घेतला.

२४ मार्च
सिस्टरांचा फोन. सगळ्यांच्या गोळ्या ४ एप्रिलला संपतात. घरपोच द्यायला माझी एक सही हवी. सहीचं काय, आत्ता करतो! पण आधी धोरण नको का? लिहायला बसलो.

२६ मार्च
साडेनऊला उठलो. नेत्याने ताजंतवानं असावं. मसुदा तिसरा, पानं अकरा. त्यातलं दीड पान 'घर' म्हणजे काय यावर. बाहेर हॉलमध्ये बायको तिच्या वर्गाला ऑनलाइन भागाकार शिकवते. आवाज माझ्या मीटिंगमध्ये येतो. एक सदस्य म्हणाले, मॅडमचं चांगलं समजतंय, चालू द्या. दुर्लक्ष केलं.

२९ मार्च
समितीपुढे चाळीस मिनिटं उत्स्फूर्त बोललो. शेवटी कळलं, म्यूटवर होतो. कुणी टोकलंही नाही. किती ही शिस्त!
सिस्टर म्हणाल्या, एक पेशंट विचारतेय, अर्धी अर्धी गोळी घेऊन दिवस काढू का? सिस्टरांनी तिला सक्त मनाई केली. मला ऐकून खरंच वाईट वाटलं. पाचव्या मसुद्यात अर्ध्या गोळीबद्दल एक परिच्छेद घातला.

१ एप्रिल
मसुदा सातवा. बिस्किटांचा पुडा संपला. (ताणामुळे.) जेवताना बायकोने विचारलं, हे एकतीस जण आहेत तरी कोण? गोपनीय असतं, म्हणालो. खरं तर मलाच माहीत नाही. आठ वर्षांत त्यांच्या मजल्यावर एकदाच गेलो, फीत कापायला.

३ एप्रिल, संध्याकाळी
आठवा मसुदा झाला. अंतिम. बावीस पानं, स्वल्पविरामासकट निर्दोष. अभिमानाने सिस्टरांना पाठवला. दहा मिनिटांत फोन. सर, तीस जणांना गोळ्या पोचल्या. सिस्टर आणि केंद्राचे ड्रायव्हरदादा दोन दिवस फिरून दारात गोळ्यांचे डबे ठेवून आले. सहीशिवाय केलंय, काय कारवाई करायची ती करा. आता दादांना ताप आहे, म्हणून सिस्टरही घरातच बसल्यात. एक डबा उरलाय, केंद्राच्या वॉचमनकडे. पेशंट तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर.
कारवाईचा विचार केला. चहा घेतला. कारवाईचा विचार सोडला.

४ एप्रिल
दोन मास्क, हातमोजे, वर बायकोचा रेनकोट. वॉचमनने मला ओळखलं नाही, ओळखपत्र मागितलं. डबा घेऊन निघालो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत धाप लागली. डबा स्टुलावर ठेवला, बेल वाजवली, चार पायऱ्या खाली येऊन उभा राहिलो.
दार एका बाईंनी उघडलं. माझ्या आईच्या वयाच्या, डोक्याला रुमाल. म्हणाल्या, ड्रायव्हरदादा का तुम्ही? किती दमलात, टेका जरा पायरीवर. शेवटची गोळी सकाळीच घेतली होती. मुलगा परगावी अडकलेला. कालपासून दाराकडे कान लावून बसले होते, म्हणाल्या. डबा पोटाशी धरून बोलत होत्या.
मी संचालक आहे हे सांगायला तोंड उघडलं. पण त्याच म्हणाल्या, तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा. एवढ्या गडबडीत आमची आठवण ठेवली त्यांनी. देवमाणूस आहे.
मला रडू यायला लागलं. बरं झालं, मास्क दोन होते. सांगतो, म्हणालो आणि उतरलो.
घरी येऊन तीन तास झाले. साहेबांना तो नमस्कार सांगायचा अजून धीर होत नाही.