पाळीव करपा

३ जुलै
भांडले! सरांशी, भर मीटिंगमध्ये. त्यांचं भाताचं नवं वाण करप्याच्या बुरशीला दाद देत नाही म्हणे. कुठल्या करप्याला? वर्षानुवर्षं या डिशमधून त्या डिशमध्ये पोसलेल्या आमच्या लॅबमधल्या लाडोबाला! शेतातली बुरशी एका जातीची नसते. मी चार शेतांतून करपलेली पानं आणली होती, त्यातलं एक शेत बाबांचं. चौघांच्या डीएनएचे पट्टे वेगवेगळे. सर म्हणाले, "तुझे हात स्वच्छ नसतील."
माझे हात!

५ जुलै
पुन्हा केलं. कोपरापर्यंत हात धुऊन. पट्टे तेच.

६ जुलै
आई फोनवर — "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये गं." पण आई, मासाच चुकतोय! सर वाईट नाहीत. उमेदीची वर्षं गेली त्यांची या वाणापायी. म्हणून काय असलं बियाणं लोकांच्या गळ्यात मारायचं? महिनाअखेर वाटप आहे म्हणे. बघू कसं होतं ते!

७ जुलै
पूर्वी आमच्या चाचणीत हमखास करपणाऱ्या जुन्या भाताची एक ओळ असायची. सरांनीच बंद केली — "तो मरणारच आहे, जागा कशाला अडवायची?" मी ती रोपं मागच्या महिन्यातच गुपचूप लावलीत. आज त्यांच्यावर लाडोबा फवारला. शेजारी नवं वाण, त्यावर माझे चार नमुने. आता होऊन जाऊ दे.

१४ जुलै
जुना भात हिरवागार! एक ठिपका नाही! लाडोबाचे दात कधीच पडलेत; त्याच्यापुढे कुणीही पैलवान. आणि नवं वाण? चारपैकी तिघांनी करपवलं. बाबांच्या शेतातला सगळ्यात जहाल — रोपं पार आडवी.
सरांनी ट्रेमधलं एकेक रोप उलटून पाहिलं. मग म्हणाले, "वाटप थांबवतो." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नाचले.

१५ जुलै
बाबांचा फोन. "तुझ्या सरांनी सगळ्यांच्या आधी आपल्याला बी पाठवलं होतं गं! तुला सांगू नका म्हणाले, गंमत करू. अख्ख्या शेतात लावणी झाली बघ. गावभर सांगितलंय — माझ्या लेकीचं वाण!"