नडगी दुखली, आळी वाकली

आदरणीय योशिनोरीदादा,

वाकून नमस्कार (वाकून का, ते पुढे येईलच). माझ्या नडगीचं हाड मोडलेलं नाही, असं आज सकाळी डॉक्टर हारुयामाबाईंनी नक्की सांगितलं. तुम्ही ठणठणीत असाल, वहिनींचे मुळे वाळत पडले असतील.

रविवारी आमच्या आळीची रिले शर्यत आहे (खांद्यावरचा पट्टा पुढच्याला द्यायचा, तो मध्येच अडकला तर वर्षभर तोंड लपवायचं). मी एकदम जोरात सराव सुरू केला. बूट झिजलेले, रस्ता डांबरी, त्यात देवळाचा उतार. नडगीच्या आतल्या कडेने अशी कळ यायला लागली, की मी धावता धावता वाकून पाय धरायचो. पहिल्यांदा वाकलो तो नेमका टोफूवाल्या कुनिएदाआजींसमोर. आजींना तो नमस्कार वाटला, त्याही वाकल्या. मग मला परत वाकणं आलं. त्या आणखी खाली गेल्या. त्यांच्याआधी सरळ कसं व्हायचं? टोफू तापला, दादा, पण आम्ही वर आलो नाही. चार दिवसांत आळीभर झालं, की सुगेनोंचा हिदेमित्सु धावतानाही मान देतो. पोस्टमन तर मला बघून सायकलवरून उतरून वाकतो.

शेवटी आळीप्रमुख ओकुनुकीकाका म्हणाले, "असा नम्र माणूस पाहिला नाही. शेवटचा टप्पा तुझा!" (म्हणजे चढाचा.) नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कळ आली आणि मी वाकलो. त्यांनी तो होकार धरला.

डॉक्टरबाईंनी अंगठ्याने नडगी दाबत नेली. म्हणाल्या, "एकाच ठिपक्यावर ओरडला असतात तर हाडाला चीर गेल्याची शंका. तुम्ही वीतभर ओरडलात, म्हणजे हाडावरचं आवरण दुखावलंय. विश्रांती घ्या."

"मग रविवारी धावू?"

"धावा की. पुढच्या वेळी ठिपक्यावर ओरडाल."

तुमचा धाकटा,
हिदेमित्सु

ता.क. दर नव्या वर्षाच्या कार्डावर तुमचा धावतानाचा फोटो असतो. शर्यतीत माझ्या छातीवर लावायच्या कापडावर नुसतं 'सुगेनो' छापलंय, पुढचं नाव नाही. बूट घेऊन शनिवारीच या.

ता.क. २ आमच्या हिने, मिचियोने, हे पत्र वाचलं. म्हणाली, "दादांना कशाला त्रास? त्या फोटोतले बूट दरवर्षी कोरे दिसतात. आणि लग्न झाल्यापासून सुगेनो मीही आहेच की!" संध्याकाळी ती देवळाचा चढ धावून आली आणि वर येऊन मलाच पाणी दिलं. ओकुनुकीकाकांनी तिचं नाव लगेच मान्य केलं (जरा जास्तच लगेच). तेव्हा बूट आणू नका, पण या. रविवारी ती पट्टा घेऊन चढावर दिसेल तेव्हा मला ओरडायचंय, आणि मी सवयीने वाकलो तर सगळी आळी वाकेल आणि तिला कुणीच बघणार नाही. माझी कॉलर धरायला कुणीतरी हवं.