तिसऱ्या फाटकाची धूळ

बूलिगल, ४ ऑगस्ट १९५७

चि. क्लॅरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि. आम्ही खुशाल. पाऊस नाही, मेंढ्या खारट झुडपांवर तग धरून आहेत, आणि क्षितिज होतं तिथंच आहे. नऊ मैलांवरची शेजारीण काल आली, चार कप चहात सहा वाक्यं बोलली. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात, विसरला नसशील.

बातमी अशी, की आपल्या जोनचं लग्न ठरलं. बारा ऑक्टोबर. मुलगा डेनिलिक्विनचा, लोकर पारखणारा. अर्न असता तर लेकीचा हात धरून तिला चर्चमध्ये घेऊन गेला असता. आता पोर म्हणते, बाबा नाहीत तर क्लॅरीमामाच हवा, नाहीतर मी एकटी चालत जाईन. जाईलही, तुझीच भाची. ये.
तुझी थेल्माताई

कटूंबा, १५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. जोनची बातमी वाचून फार आनंद झाला. इथं आठवडाभर धुकं आहे, शेजाऱ्याचं धुराडंही दिसत नाही. पण डोंगर आहेत, नजरेला अडवायला काहीतरी आहे. तुमच्याकडे बघायचं काय? एक झाड!

येण्याचं म्हणशील तर गाडी म्हातारी झाली. अर्नच्या अंत्यविधीला निघालो तेव्हाही लिथगोच्या घाटातच बंद पडली होती, तुला कळवलं होतंच. पोरीच्या लग्नात तसं झालं तर? दुसरं कुणी बघ. रागावू नकोस.
तुझा क्लॅरी

बूलिगल, २७ ऑगस्ट

चि. क्लॅरीस,
आशीर्वाद आहेतच, पण आधी कान धरते. डोंगरात राहून तू एक गोष्ट साफ विसरलास. इथं गाडीच्या आधी अर्धा तास धूळ दिसते.

अर्नच्या अंत्यविधीच्या दिवशी दक्षिणेकडून धूळ उठली आणि मी चहाचं आधण ठेवलं. यायचा तू एकटाच राहिला होतास. पहिलं फाटक झालं, दुसरं झालं. तिसऱ्यापाशी धूळ थांबली. बराच वेळ थांबली, मग आली तशी परत गेली. ओसरीवर तीस माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. तुझी खुर्ची मात्र शेवटपर्यंत कुणी घेतली नाही.

मला वाईट वाटलं रे. ऐन लोकरकातरणीत अर्नशी भांडून गेलास, त्याची लाज वाटली असेल. अरे, वर्षभरात तो स्वतःच म्हणायला लागला होता, क्लॅरी असता तर ही फाटकं अशी करकरली नसती. त्या दिवशी तुझा कप जोननं भरून ठेवला होता. तिला सगळं ठाऊक आहे, आणि तरी तूच हवा आहेस.
थेल्माताई

कटूंबा, ६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र तीनदा वाचलं. तीन वर्षं मला वाटत होतं, कुणाला कळलं नाही. तळहातासारख्या मुलखात लपायला गेलो, गाढव मी! फाटकाच्या कडीला हात लावला होता, ताई. तुला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

शुक्रवारी, अकरा ऑक्टोबरला दुपारी पोचतो. नवा सूट शिवायला टाकलाय. जोनला सांग, मामा पोट आत ओढून चालेल. धूळ दिसली की आधण ठेव. तिसऱ्या फाटकापाशी ती थांबलेली दिसली, तर जीव खालीवर करू नकोस. एकटाच येतोय, फाटक उघडायला उतरावं लागतं.

माया केलीस तशीच करत राहा.
तुझा क्लॅरी