रविवारी बगळेच जिंकणार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगते. आई ठणठणीत आहे, मी धडधाकट आहे आणि घराचं छप्परही जागच्या जागी आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू माझी दोन वाक्यं ऐकतोस आणि "बरं, आईला दे" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. शिवाय जे सांगायचंय ते या घरात मोठ्यानं बोलायची सवयच मोडली आहे. तर ऐक. आपले बगळे बास्केटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेत.

कागद अजून फाडला नसशील, तर पुढे वाच. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं रे. मोसमाच्या सुरुवातीला असे काही हरत होते की, मी ‘यंदा पोचणारच’ म्हटल्यावर दारावर तिकिटं फाडणारे काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही दवाखान्यात कामाला ना? मग जरा स्वतःलाही तपासून घ्या की." मी म्हटलं, काका, गाडी उशिरा सुटली म्हणून ती पोचत नाही असं थोडंच आहे? आणि पोचलीच की! उपांत्य फेरीचे सामने तीन, दोन जिंकेल तो पुढे. पहिला आपण एकवीस गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले की उत्तम झालं, आता समोरचे गाफील राहतील. डॉक्टरीणबाई हातातलं यंत्र थांबवून म्हणाल्या, "तुझी आशा म्हणजे कवळी आहे. काढून ठेवली तरी ग्लासात हसतच राहते." इतकी वर्षं मागच्या खोलीत बसून मी लोकांच्या कवळ्या घासतेय, पण माझं असं वर्णन कुणी केलं नव्हतं.

आणि दुसरा सामना आपण जिंकलो! आता तिसरा रविवारी, आपल्याच हॉलमध्ये. हॉल तसाच आहे. ओल्या कोटांचा आणि रबराचा वास, डावीकडच्या रिंगच्या मागे गळणाऱ्या छपराखाली ठेवलेली बादली. शेवटच्या मिनिटाला एका गुणानं मागे होतो आणि टकल्याला दोन फ्री थ्रो मिळाले. हो, टकल्या अजून खेळतोय. तुझ्या बरोबरीचा तेवढा एकच उरलाय. डोक्यावरचे उरलेसुरले केसही गेलेत आणि धावताना गुडघ्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत येतो म्हणे. त्यानं पहिला टाकला, आत. दुसरा रिंगवर नाचला, नाचला, आणि आत. शेजारच्या अनोळखी बाईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा त्यांच्या शालीत अडकून बसला.

सामना संपला की गर्दीबरोबर पुलापर्यंत चालत येते. आजही बोलायला तोंड उघडते तेव्हा मान आपोआप वर जाते. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आकाशाशी बोलल्यासारखं, लहानपणापासूनची सवय. वर पाहते तर दिव्याचा खांब. परसातल्या भिंतीला तू बूड काढलेली बादली ठोकली होतीस आणि तू चेंडू टाकायचास, मी पळत जाऊन आणायची. मला कधी टाकू दिलास का? "बुटके, तू आण, तुझे पाय जमिनीजवळ आहेत." त्यावर मी चिडायची, पण आणायची. आता कुणी काही आणायलाच सांगत नाही.

आईचं सांगते, हसू नकोस. तू कोर्टावर पडलास त्या दिवसापासून ती हॉलमध्ये आली नाही. घरात खेळाचं नाव काढलं तर ती उठून गॅस पुसायला लागते. पण परवा मी सामन्याहून आले तर स्वयंपाकघरात रेडिओ अगदी बारीक आवाजात चालू. मला पाहून तिनं झटकन बंद केला. म्हणाली, "हवामान ऐकत होते." थोड्या वेळानं भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, "त्या टकल्यानं दुसरा फार डावीकडे टाकला, नाही का?"

दादा, तू पडलास त्या सामन्यानंतर लोक काय काय बोलले ते मला ठाऊक आहे. दुकानात मी रांगेत उभी असताना बोलले. पण लोकांची जीभ ती, आज इकडे उद्या तिकडे. तुझं पायाचं ऑपरेशन, मग नोकरी सोडणं, मग वहिनीला घेऊन इतक्या लांब त्या गोदामात रुजू होणं, यातलं काहीच मी तुला विचारलं नाही. तू सुखी असशील तर मलाही तेच हवंय. फक्त दर रविवारी तू आईला रक्तदाब विचारतोस ना, तेव्हा मी शेजारी उभी असते. वाटतं, एकदा तरी विचारेल, काय गं, आपले कसे खेळले?

आता हे पत्र का लिहिलं ते. मंगळवारी टकल्या दवाखान्यात आला, खेळताना लावायचं दातांचं कवच करून घ्यायला. ठसा घेताना तोंडात लगदा असला की माणसाला गप्प बसावंच लागतं. तो गप्प बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लगदा काढल्यावर म्हणाला, हा त्याचा शेवटचा मोसम. जिंकलो तरी अंतिम सामना परगावी, म्हणजे घरच्या कोर्टावर रविवारचाच शेवटचा. निवृत्त होणाऱ्याला क्लबवाले त्याच्या घरच्या माणसासोबत कोर्टावर आणतात. त्याला घरचं कोणी नाही. म्हणाला, "तो पास मी फार उंच टाकला होता. तुझ्या भावानं सोडून द्यायला हवा होता. पण त्यानं माझा पास कधी सोडलाच नाही. मी इतके फोन केले, उचलले नाहीत. आता परत करायची हिंमत होत नाही. माझ्याबरोबर चालत येईल का गं तो?" मी "विचारते" म्हणायला हवं होतं. "बघू" तरी. मी म्हटलं, "येईल." त्यानं लगेच क्लबात सांगूनही टाकलं. तेव्हा दादा, रविवारी सकाळची गाडी पकड, ती दुपारी इथे पोचते. पुढच्या दारानं येऊ नकोस, तिथे पायऱ्या फार. खेळाडूंच्या दाराला एकही नाही, मी जाऊन पाहिलं. चारपासून मी त्या दाराशी उभी असेन.

तुझीच,
बुटकी