नळाजवळचा कप

आय, तुझ्या पायाशी डोकं ठेवते.

नागावात मी बरी हाय. जेवण पोटभर मिळतं, काळजी करू नको. फोनवर बोलले असते, पण बंगल्याच्या बाई मागंच उभ्या असतात.

इथं जमैका देशाची एक कवयित्री पाहुणी आली हाय. कादंबऱ्याही लिहिते. काल अंगणात तिचा सत्कार झाला. एक सर तिची हकिगत मराठीत सांगत होते. तिची आय लोकांच्या घरी रांधायची, आणि त्या आयचा कप मालकांच्या घराबाहेर वेगळा खिळ्याला टांगलेला असायचा. त्या कपावरच हिनं पहिली कविता लिहिली, मग जगभर नाव झालं. ऐकून आमच्या बाईंनी डोळे पुसले.

तशाच आत येऊन मला म्हणाल्या, "कल्पिता, सगळ्यांना चहा दे. तुझा कप नळाजवळच असू दे हां, ह्या कपांत मिसळू नकोस."

शिसारी आली गं. अजून तोंड कडू हाय.

अण्णांचा खोकला कमी झाला का? पगार झाला की येते.

कुणाला सांगू नको. पाहुणे गेल्यावर मी बाईंच्या सोनेरी काठाच्या कपातनं चहा प्याले, धुऊन जागेवर ठेवला. सकाळी बाई त्यातनंच प्याल्या.

मेल्या न्हाईत.

तुझी,
कल्पी